चांद्याचा कोट आणि दारावरचा सिंह

या व्याख्यानमालेसाठी मला ‘भारतीय राजदुर्गांचे स्थापत्य आणि अलंकरण’ असा विषय देण्यात आला होता. विषय एवढा मोठा की चितोडपासून जिंजीपर्यंत फिरावे लागेल, आणि तासाभरात आपण कुठेच पोचणार नाही. म्हणून संयोजकांशी बोलून मी तो आखूड करून घेतला. पूर्व विदर्भातला एकच किल्ला घ्यायचा आणि तो नीट बघायचा. तो किल्ला म्हणजे चंद्रपूरचा, आपल्या जुन्या माणसांच्या तोंडी चांद्याचा, कोट.

इथे बसलेल्यांपैकी निम्मे लोक तरी चंद्रपूरला जाऊन आले असतील. कोणी महाकालीच्या यात्रेला, कोणी ताडोब्याला, कोणी मुलीच्या घरी. जटपुरा गेटमधून तुम्ही गेलेला आहात. पण ‘चंद्रपूरचा किल्ला पाहिला का?’ असं विचारलं की बरेच जण म्हणतात, तिथं किल्ला कुठं आहे? त्यांचं चुकत नाही. किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे डोंगर येतो. रायगड येतो, प्रतापगड येतो. शाळेच्या पुस्तकातली चित्रे तीच असतात. आपली झाडी म्हणजे धान, तलाव, मोहफुलं. इथं कसले आले राजे आणि कसले किल्ले! ही समजूत आपल्या मनात इतकी मुरलेली आहे की डोळ्यांसमोर मैलोनमैल भिंत उभी असली तरी ती किल्ला म्हणून दिसत नाही.

जुन्या शास्त्रकारांची समजूत मात्र अशी नव्हती. कौटिल्याने अर्थशास्त्रात दुर्गांचे चार प्रकार सांगितले. पाण्याने वेढलेला, डोंगरावरचा, ओसाड मरुभूमीतला आणि वनातला. राजधानीचे नगर कसे असावे, खंदक किती, तट कसा, रस्ते किती, दारे किती, हेही तो सांगतो. म्हणजे त्याच्या डोक्यात दुर्ग आणि नगर या दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या नाहीत. आपल्या मराठीतही दोन शब्द आहेत बघा: गड आणि कोट. गडावर राजा राहतो आणि लोक खाली पायथ्याशी. कोटाच्या आत सगळेच राहतात. कोष्टी, तेली, सोनार, पुजारी, राजा, राजाचा हत्ती. चांदा हा कोट आहे. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी चर्चा त्यावर उभी आहे.

आता कोट बांधला कोणी? चांद्याच्या गोंड घराण्याची राजधानी आधी शिरपूरला, मग वर्धा नदीच्या काठी बल्लारपूरला होती. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात खांडक्या बल्लाळशहा नावाचा राजा होऊन गेला. त्याची गोष्ट तुम्ही ऐकलेली असेल. राजाच्या अंगभर गाठी, फोड. काही केल्या बरे होईनात. शिकारीला गेला, तहान लागली, झरपट नदीच्या कोरड्या पात्रात एका खळग्यात थोडे पाणी दिसले. ते प्यायला, तोंड धुतले, आणि रात्री त्याला शांत झोप लागली. सकाळी राणीने पाहिले तर फोड ओसरलेले. जाऊन बघितले तेव्हा खडकात गाईच्या पावलांसारखे पाच ठसे, पाण्याने भरलेले. तिथे अंचलेश्वराचे देऊळ झाले. पुढे राजा त्याच भागात फिरत असताना कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा त्याच्या कुत्र्याच्या मागे लागला. कुत्रा ससाच्या मागे नव्हे, ससा कुत्र्याच्या मागे! कुत्रा वेडीवाकडी वळणे घेत पळाला, मोठे रिंगण झाले आणि शेवटी कुत्र्याने सशाला मारले. राजाने राणीला हे सांगितले. राणी म्हणाली, हा शकुन आहे. ज्या वाटेने ससा धावला त्या वाटेवर तट घाला. तेल ठाकूर नावाच्या लोकांवर बांधकामाची देखरेख सोपवली गेली. काम एका पिढीत संपले नाही. धुंड्या रामशहाच्या काळात ते पुरे झाले असे परंपरा सांगते.

ही दंतकथा सांगून लोक हसतात आणि पुढे जातात. तत्त्वज्ञानाचा मास्तर असल्यामुळे मला तसं करता येत नाही. दंतकथा खरी की खोटी हा एक प्रश्न झाला. ती कशाचे उत्तर म्हणून जन्मली, हा दुसरा, आणि माझ्या मते जास्त उपयोगाचा. चंद्रपूरच्या तटाचा नकाशा बघा. चौरस नाही, गोल नाही, कुठल्या शास्त्रातल्या आकृतीत बसत नाही. कुठे पुढे येतो, कुठे आत वळतो. माणसाला साहजिक प्रश्न पडतो, एवढी मोठी भिंत बांधायची आणि सरळ का नाही बांधली? उत्तर जमिनीत आहे. एका बाजूला इरई, दुसऱ्या बाजूला झरपट, पुढे दोघींचा संगम. चढउतार आणि पाणी यांचा अंदाज घेत तट गेला आहे. बांधणाऱ्याला हे ठाऊक होते. दोनशे वर्षांनी ते विसरले गेले, वाकडा तट तेवढा उरला, आणि लोकांनी त्या वाकडेपणाला एक ससा दिला. शिवाय या गोष्टीत राजा गोंधळलेला आहे आणि निर्णय राणीचा आहे. चांद्याच्या इतिहासात पुढे राणी हिराईचे स्थान किती मोठे आहे हे पाहिले म्हणजे ही गोष्ट कोणाच्या आठवणीत घडत गेली याचाही थोडा अंदाज येतो.

इंग्रजी गॅझेटियरने या तटाचा घेर साडेपाच मैल लिहिला आहे, उंची १५ ते २० फूट. घडीव दगडांची अखंड भिंत, वर गोलसर चर्या, त्यांच्या मागे चालायला रुंद फांजी, ठिकठिकाणी बुरूज. उंचीचा आकडा ऐकून सह्याद्रीतले किल्ले बघणारे नाक मुरडतील. १५ फूट म्हणजे काय, शिडी लावली की चढला माणूस! खरं आहे. पण मला सांगा, साडेपाच मैल लांब भिंत लढवायला किती माणसे लागतील? ‘ऐन-इ-अकबरी’त चांद्याच्या बाबजीकडे, म्हणजे बाबाजी बल्लाळशहाकडे, १,००० घोडेस्वार आणि ४०,००० पायदळ असल्याची नोंद आहे. तेवढी माणसे धरली तरी एवढा घेर फक्त लढाईसाठी आखला असे म्हणणे कठीण. मग भिंत आणखी कशासाठी होती?

पावसाळ्यात चंद्रपूरला जा, उत्तर मिळेल. इरई फुगली की पाणी पठाणपुरा आणि बिनबा दरवाजांच्या बाहेरच्या वस्त्यांत शिरते. वर्तमानपत्रांत फोटो येतात, नावा फिरतात. तटाच्या आतले जुने गाव तुलनेने सुरक्षित राहते. म्हणजे ही भिंत शत्रूला अडवते तशी पाण्यालाही अडवते. आणि इथे मला लाखनीकरांना काही शिकवण्याची गरज नाही. पाणी अडवणारी भिंत म्हणजे काय, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते. तलावाची पाळ, आपण पार म्हणतो ती, कशी वळवायची, कुठे रुंद ठेवायची, जास्तीचे पाणी कुठून काढून द्यायचे, हे या जिल्ह्यातल्या कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केलेले काम आहे. कोहळ्यांची आठवण अशी की चांद्याच्या गोंड राजाने त्यांना या भागात आणले. जंगल तोडून गाव वसवील त्याला गाव, तलाव बांधील त्याला त्या तलावाखालची जमीन, असे त्या राजांचे धोरण परंपरेत सांगितले जाते. तेव्हा ज्या राज्याने झाडीत तलाव बांधवले त्याच राज्याने चांद्याचा तट बांधवला. कोटाच्या आत रामाळा तलाव आहे, बाहेर जुनोन्याचा तलाव आहे. मला तर वाटते, चांद्याचा कोट समजून घ्यायचा असेल तर रायगडाशी तुलना करण्याआधी आपल्या मालगुजारी तलावाच्या पारीवर उभे राहून बघावे. दगड वेगळे, हात एकाच परंपरेचे.

दगडावरून एक गोष्ट सांगतो, थोडी विषयाबाहेरची आहे. या भागात वालुकाश्म आणि कोळसा ज्या खडकांच्या समूहात सापडतो त्याला भूशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकात ‘गोंडवाना’ हे नाव दिले. पुढे आफ्रिका, दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका, भारत हे सगळे एकेकाळी जोडलेले होते असे ठरले तेव्हा त्या महाखंडालाही तेच नाव मिळाले. ब्राझीलमधल्या विद्यार्थ्याला गोंडवाना शब्द माहीत असतो. गोंडांनी काय बांधले, हे मात्र इतक्या जवळ राहणाऱ्या आपल्याला ठाऊक नसते.

असो. आता दारांकडे येऊ.

या कोटाला चार दरवाजे आणि पाच खिडक्या. खिडकी म्हणजे घराची नव्हे; तटातले छोटे दार, माणूस जाईल एवढे. दरवाजे असे: जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा. खिडक्या: हनुमान खिडकी, बगड खिडकी, विठोबा खिडकी, चोर खिडकी आणि मसाण खिडकी. ही नावे पुन्हा एकदा मनात म्हणून पाहा. त्यांत राजाचे नाव एकही नाही. देव आहेत, वस्त्या आहेत, चोर आहे आणि प्रेत आहे. मसाण खिडकीतून अंत्ययात्रा बाहेर जायची. गावातल्या माणसाचा शेवटचा प्रवास कुठल्या दारातून व्हायचा हे ज्या किल्ल्याने ठरवून दिले आहे, तो किल्ला सैनिकांचा तळ नसतो, ते गाव असते. चोर खिडकीचे नाव तुम्हाला मजेशीर वाटेल. पण गुप्त वाटेचे नाव सगळ्या गावाला माहीत असणे, हीही एक मजाच.

आणि अलंकरण? बहुतेकांची तक्रार असते की चंद्रपूरच्या किल्ल्यावर बघण्यासारखे कोरीव काम नाही. तुलना करायची तर अकोला जिल्ह्यातल्या नरनाळ्याशी करतात. ते साहजिक आहे. नरनाळ्याचा महाकाली दरवाजा, ज्याचे काम १४८७ सालचे आहे, विदर्भातले सगळ्यात नटलेले दार आहे. फिकट दगडातली कमळे, दोन्ही बाजूंना नाजूक झरोके, वर सुंदर अरबी अक्षरांतला लेख. फतहुल्ला इमाद-उल-मुल्क हा तेव्हा वऱ्हाडचा सुभेदार. बघत राहावे असे दार आहे, यात वाद नाही. साधारण त्याच सुमारास चांद्याचा कोट उभा राहायला लागला होता. तिकडे दरवाजा नटत होता आणि इकडे नुसती भिंत!

पण नुसती भिंत नाही. चांद्याच्या दरवाजांवर एक शिल्प आहे. सिंह, आणि त्याच्या पायाखाली हत्ती. हे चांद्याच्या राजांचे चिन्ह. टोकदार कमानीच्या दोन्ही अंगांना, वर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत भरेल अशा जागी ते बसवलेले आहे. बाकी मैलोनमैल तट जवळजवळ कोरा. जे काही बोलायचे ते दारात बोलून घेतले.

हा सिंह कुठून आला? आज गोंडी समाजाच्या झेंड्यांवर, सभामंडपांवर हेच चिन्ह दिसते आणि ते समाजाच्या अभिमानाचे आहे. रास्त अभिमान आहे. परंतु हत्तीवर मात करणारा सिंह एकट्या गोंडांचा नाही, हेही सांगितले पाहिजे. कोणार्कला नाटमंडपाच्या पायऱ्यांशी हत्तीवर चढलेले सिंह आहेत. गाविलगडावर दोन डोक्यांचा गंडभेरुंड आहे, त्याच्या पकडीत हत्ती आहेत. सह्याद्रीतल्या कितीतरी किल्ल्यांच्या दारांवर शरभ आहे आणि त्याच्या पायांत हत्ती अडकलेले आहेत. म्हणजे ओडिशापासून कोकणापर्यंत, हिंदू राजे, सुलतान, मराठे, गोंड, सगळ्यांनी हे चित्र वापरले. मग कोणाचे खरे? अलंकारशास्त्रातल्या शब्दशक्ती घ्या. अभिधा सांगते, हा सिंह, हा हत्ती. लक्षणा सांगते, हा बलवान राजा आणि हा जिंकलेला शत्रू. ही लक्षणा सगळीकडे सारखीच. व्यंजना मात्र जागेवर अवलंबून असते. तोच शब्द कोण, कोणाला, कुठे उभा राहून बोलतो यावर अर्थ बदलतो. गाविलगडच्या अवघड वाटेवर गंडभेरुंड जे सांगतो ते मुख्यतः चाल करून येणाऱ्याला सांगतो. जटपुऱ्याच्या दारावरचा सिंह रोज भाजी घेऊन येणाऱ्या बाईला, बंडी हाकणाऱ्याला, बाजारातून परतणाऱ्या विणकराला दिसतो. त्याला तो काय सांगतो? शत्रूला जो धाक, तोच आतल्याला दिलासा. इथून आत तू या राज्याचा आहेस.

काही लोक म्हणतात, अलंकार म्हणजे वरून लावलेली शोभा. काढली तरी वस्तू तीच राहते. आपल्या परंपरेत असे नाही. ‘अलम्’ म्हणजे पुरेसे, पर्याप्त. अलंकार म्हणजे पुरेसे करणे. आनंद कुमारस्वामी यांनी १९३९ साली अलंकरणावरच्या एका निबंधात हा मुद्दा मांडला आहे: मूळ अर्थाने अलंकार वस्तूला तिचे काम करायला समर्थ करतो. योद्ध्याला शस्त्र हा अलंकार, राजाला छत्र हा अलंकार. हे ध्यानात घेऊन दाराकडे बघा. दगडाची कमान तयार झाली म्हणून दार झाले का? भिंतीला भोक पडले एवढेच. ते भोक ‘दार’ तेव्हा होते जेव्हा तिथे आत आणि बाहेर यांत फरक पडतो. आपण घराच्या दाराला आंब्याचे तोरण बांधतो, उंबऱ्यापुढे सडा घालतो, रांगोळी काढतो, ते कशासाठी? चोर अडवायला नव्हे. सिंह हे चांद्याच्या कोटाचे तोरण आहे. तोरण कोणी घरभर लावत फिरत नाही. म्हणून कोरा तट आणि दारातला एक सिंह, हे गरिबीचे लक्षण मी मानत नाही. काय कुठे पुरेसे आहे, याची ती समज आहे.

आणि कमान बघितलीत तर आणखी एक गंमत. टोकदार कमान ही दख्खनच्या सुलतानी बांधकामाची भाषा. तिच्या शेजारी सिंह आणि हत्ती ही देवळांची भाषा. आत गेलात की गोंड राजा. या तिघांना एकत्र राहायला काही अडचण आलेली दिसत नाही. आजच्या आपल्या वादांना ही कमान फारशी उपयोगाची नाही. कोणालाच तिच्यातून आपल्या बाजूचा शुद्ध पुरावा काढता येणार नाही.

तुम्ही विचाराल, राजवाड्याचे काय? राजवाड्यात तरी नक्षी असेलच. गोंड राजांच्या राजवाड्याच्या जागी आज चंद्रपूरचा तुरुंग आहे. १७५१ मध्ये रघूजी भोसल्यांनी चांदा घेतला, नीलकंठशहाबरोबर गोंडांचे राज्य संपले. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी वेढा घातला, तोफांनी तटाला खिंडार पाडले, किल्लेदार गंगासिंग लढताना पडला. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि राजाच्या जागेचा कैदखाना झाला. या तुरुंगाच्या आवारात पिंपळ आहे. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबुराव पुल्लेश्वर शेडमाके यांना चांद्यात फाशी दिले, ते या पिंपळापाशी. गोंडांच्याच राजवाड्याच्या जागी इंग्रजांनी गोंड जमीनदाराला फासावर चढवले. अजूनही दरवर्षी लोक तिथे अभिवादनाला जमतात. वाड्याचे खांब, नक्षी, रंग, जे काही असेल ते गेले. लोकांची दारे राहिली. का राहिली? मला एकच कारण दिसते. त्यांतून लोक रोज जात होते.

राजघराण्याची हौस बघायची असेल तर अंचलेश्वराच्या आवारात जावे. तिथे गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांतली बिरशहाची समाधी राणी हिराईने बांधून घेतली. लग्नप्रसंगी शरीररक्षकाच्याच हातून मारल्या गेलेल्या नवऱ्याची समाधी. पुढे तिने रामशहाला दत्तक घेऊन राज्य सांभाळले, महाकालीचे देऊळ नव्याने उभे केले. चैत्रात मराठवाड्यातून, नांदेडकडून हजारो माणसे आजही त्या देवीला येतात. कोटाचा सिंह बघायला येत नाहीत ती; झरपटीत अंघोळ करून देवळात जातात. पण हिराईने त्यांच्यासाठी बांधलेले वापरात आहे, हे तर खरे.

आणि लालपेठेत, तटाच्या बाहेर, उघड्यावर पडलेल्या त्या प्रचंड मूर्ती! एकेक अखंड दगड. दहा तोंडांच्या दुर्गेला लोक रावण समजतात. रायप्पा नावाच्या कोमटी सावकाराने मोठे देऊळ बांधायचे मनात घेऊन त्या कोरायला घेतल्या आणि ते काम अपुरे राहिले, अशी हकीकत सांगतात. ‘अलम्’ न झालेले शिल्प बघायचे असेल तर ते तिथे. देऊळ नाही, गाभारा नाही, जागा ठरलेली नाही. मूर्ती मोठी आहे, पण ती कोणाशी काही बोलू शकत नाही. दारावरचा लहानसा सिंह बोलतो.

आता आजचे. कोट भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. २०१७ साली ‘इको-प्रो’ या चंद्रपूरच्या संस्थेच्या तरुण मुलांनी तटावर वाढलेली झाडेझुडपे, साचलेला कचरा काढायला सुरुवात केली आणि शेकडो दिवस सलग ते काम केले. पगार नाही, कंत्राट नाही. या कामाची देशभर दखल घेतली गेली. झाडाची मुळे दगडांच्या सांध्यांत गेली की भिंत आतून फुटते, म्हणून ही सफाई दिसण्यापुरती नव्हती, भिंत वाचवण्याची होती. मला त्यातला एक परिणाम अधिक महत्त्वाचा वाटतो. जिच्या मागे लोक कचरा टाकत होते त्या भिंतीवरून लोक फिरायला लागले. फांजी पुन्हा वाट झाली.

दुसरीकडे जटपुरा दरवाजा. सकाळ-संध्याकाळ तिथे गाड्या अडकतात. बैलबंडी आणि हत्ती यांच्यासाठी केलेल्या दारातून ऑटो, मोटारी, शाळेच्या मुलांच्या सायकली. तेव्हा ‘ते दार काढून तरी टाका, नाहीतर चौकात नेऊन बसवा’ असे म्हणणारे लोक मला भेटलेले आहेत. शिकलेले लोक. त्यांना वाईट वाटते असेही नाही. ते म्हणतात, सर, आम्ही त्याला छान रोषणाई करू. ज्याच्यातून कोणी जात नाही अशा रोषणाई केलेल्या कमानीला दार कसे म्हणायचे? गर्दीवर उपाय लागेल, तो वाहतुकीचा जाणकार सांगेल. आजूबाजूने वाटा निघू शकतात. पण तट तोडून दार ‘जपणे’ आणि गळ्यातून काढून दागिना तिजोरीत ठेवणे यांत मला काही फरक दिसत नाही. आणि उलट हट्ट धरणारेही आहेत, त्यांना दारातून वाहतूकच नको. त्यांच्याशीही माझे जमत नाही. पाचशे वर्षे त्या सिंहाखालून भाजी गेली, वरात गेली. उद्या नुसते पर्यटक जाणार असतील तर तो सिंह कोणाला काय सांगणार?

आता आपल्या जिल्ह्यात या. इथे गड आणि कोट कमी नाहीत, आपले लक्ष कमी आहे. पवनीला जा. तीन बाजूंनी जुना मातीचा तट आणि खंदक, चौथ्या बाजूला वैनगंगा. चांद्याचीच युक्ती, पण त्याच्या कितीतरी शतके आधीची. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे उत्खनन केले तेव्हा जगन्नाथ टेकडीखाली मोठा बौद्ध स्तूप निघाला, आणि मुचलिंद नागाचे शिल्प निघाले, नाव कोरलेले. दोन हजार वर्षांपूर्वी या जिल्ह्यातला कारागीर दगडावर नाग कोरून खाली त्याचे नाव लिहीत होता. तुमसर तालुक्यातल्या अंबागडला जा. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद, ज्याने नागपूर वसवले, त्याच्या हाताखालच्या राजाखान पठाणाने १७०० च्या सुमारास तो बांधला असे सांगतात. भोसल्यांच्या काळात त्याचाही तुरुंग झाला, आणि तिथल्या विहिरीचे कुजके पाणी पाजून कैदी मारत अशी आठवण आहे. म्हणजे तिथेही राजाची जागा शेवटी कैद्याकडे गेली. साकोली तालुक्यात सानगडीचा किल्ला आहे, लाखनीहून दूर नाही.

तिथे गेलात तर माझी एक विनंती आहे. मुलांना घेऊन गेलात की पहिल्यांदा बुरुजावर चढू नका. आधी दार शोधा. कमान कोणत्या दिशेला आहे, देवडीत पहारेकऱ्याला बसायला किती जागा आहे, अडसराची खोबण दोन्ही भिंतींत कुठे आहे, दारावर काही कोरले आहे का आणि असेल तर ते आतून दिसते की बाहेरून, हे मुलांना शोधू द्या. मग पाणी कुठे साठवले आहे ते बघा. अंबागडावर ती विहीर, पवनीला नदी. एवढे झाले की वर चढा, फोटो काढा, हरकत नाही.

मघाशी चहाच्या वेळी एका शिक्षिकेने विचारले होते, गोंड राजांचा किल्ला म्हणून पाठ्यपुस्तकात धडा का नाही? पाठ्यपुस्तक माझ्या हातात नाही. पण बाई, तुमच्या शाळेची सहल तुमच्या हातात आहे. लाखनीहून सकाळी सातला बस निघाली तर पवनी करून दुपारनंतर चंद्रपूर गाठता येते. बस बाहेरच उभी करा आणि मुलांना जटपुऱ्यातून चालत आत न्या. हत्ती कुठे आहे, हे त्यांना वर बघून शोधू द्या.